झाड उतरविण्याची विद्या

कोकणात नारळ पाडतात आणि आंबा उतरवितात. जमिनीचा धक्का नारळाला सोसतो, आंब्याला सोसत नाही. म्हणून नारळाला पाडेलीच्या कोयत्याचा एक घाव पुरतो आणि आंब्यासाठी मात्र झेला लागतो, झेलकऱ्याचा हात लागतो, आणि देठ तुटल्यापासून फळ टोपलीत येईपर्यंत त्याचा भार कोणाला तरी वाहत राहावा लागतो. दोन क्रियापदांतील हा भेद मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु संबंध वृक्षाच्या बाबतीतही तो पाळणारी माणसे आहेत, आणि तो पाळण्यावर घरादाराचे व जिवाचे भवितव्य अवलंबून असते, हे मला २०२० सालच्या जून महिन्यात, श्रीवर्धन तालुक्यातील एका खेड्यात, माझ्या मावशीच्या परसात उभा असताना प्रथम उमगले. टाळेबंदीमुळे मार्चपासून माझा मुक्काम तिच्याकडेच होता. घरावर कललेला आंबा पाहण्यास आलेल्या मुकादमाला मावशीने विचारले, "झाड पाडायला किती दिवस घ्याल?" त्यावर तो म्हणाला, "काकू, हे पाडायचं झाड नाही. हे उतरवायला लागंल."

३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. त्यापूर्वी २००९ च्या नोव्हेंबरात आलेले फयान लोकांच्या स्मरणात होते, परंतु या वाऱ्याची जात निराळी होती. सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, माडांचे शेंडे पिळवटले गेले, विजेचे असंख्य खांब मोडले आणि गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. मोडून पडलेल्या झाडांचा शोक सर्वांनी केला. पण खरा घोर होता तो न पडलेल्या, अर्धवट उपटलेल्या, कोणत्या क्षणी आपला उरलेला आधार सोडतील याचा नेम नसलेल्या झाडांचा. मावशीचा रायवळ आंबा त्यांपैकी एक. तिच्या सासऱ्यांनी लावलेला, छातीच्या उंचीवर दोन हातांच्या कवेत न मावणारा, वादळापूर्वी जवळजवळ सरळ उभा असलेला तो वृक्ष त्या दुपारनंतर स्वयंपाकघराच्या कौलांवर ओणवा झाला होता.

कललेले प्रत्येक झाड धोक्याचे नसते. समुद्राकडे वाकलेले माड पिढ्यान्‌पिढ्या तसेच उभे असतात, कारण ते त्या वळणातच वाढलेले असतात. मोकळ्या उजेडाकडे झुकत गेलेला एखादा जुना वृक्षही असाच असतो. त्याचे खोड तिरपे असले तरी शेंडा पुन्हा आकाशाच्या दिशेने वळलेला दिसतो, आणि त्या वळणातच त्याने कित्येक वर्षे आपला तोल कसा सावरला त्याचा दाखला असतो. रुंद पानांच्या वृक्षांत अशा वेळी कलाच्या उलट, म्हणजे वरच्या अंगाला, एक विशेष प्रकारचे लाकूड तयार होते. त्याचे तंतू ताणलेल्या दोरासारखे असतात आणि खोडाला मागे ओढून धरतात. सूचिपर्णी वृक्षांत हेच कार्य खालच्या अंगाचे लाकूड रेटा देऊन करते. परंतु ज्या वृक्षाचे खोड आणि शेंडा एकाच सरळ रेषेत तिरपे झाले आहेत, तो कालपरवा कललेला असतो; त्याच्याजवळ असे साठवलेले बळ नसते, आणि तो उभा असतो तो केवळ काही न तुटलेल्या मुळांच्या मेहेरबानीवर.

मुकादमाने प्रथम झाडाकडे पाहिलेच नाही. तो झाडाच्या पाठीमागे, घराच्या विरुद्ध बाजूस गेला, उकिडवा बसला आणि पालापाचोळा हाताने बाजूला सारू लागला. तेथे जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडली होती व आतली माती फुगून वर आली होती. भेगेच्या दोन्ही काठांवर त्याने एकेक खुंटी ठोकली, मधले अंतर सुतळीने मापून सुतळीला गाठ मारली, आणि मावशीला रोज सकाळी ती सुतळी लावून पाहण्यास सांगितले. मग वीस फुटांवरच्या दुबेळक्यातून त्याने गवंड्याचा ओळंबा सोडला. तो बुंध्यापासून सात फूट पुढे टेकला. कुऱ्हाडीच्या दांड्याने खोड ठोकून त्याने आवाज ऐकला, भिरूड लागल्याची खूण म्हणून भुसा कोठे सांडला आहे काय हे पाहिले, पायथ्याशी फळीसारखी कठीण बुरशी धरली आहे काय हे चाचपले. खोड निरोगी होते. मग झाड उपटले का, असे मी विचारले, तेव्हा त्याने काही न बोलता स्वयंपाकघरामागील शौचालयाच्या टाकीकडे बोट केले.

कोकणातील मातीचा थर बहुधा उथळ आणि त्याखाली जांभा. मुळे खोल जाण्याऐवजी आडवी पसरतात, आणि वृक्षाचा सारा तोल हातभर-दोन हात खोलीच्या, पण पुष्कळ रुंद अशा तबकावर उभा असतो. चार वर्षांपूर्वी ती टाकी खणताना घराच्या अंगाची मुळे कुदळीने तोडली गेली होती. ज्या बाजूचा टेकू गेला त्या बाजूस झाड झुकले, हे उमगल्यावर मावशी बराच वेळ गप्प राहिली. तोडताना कोणालाही ते मोठे कृत्य वाटले नव्हते, आणि झाडानेही चार पावसाळे काही तक्रार केली नव्हती.

आता थोडे सरकारदरबाराविषयी. आंबा, फणस, चिंच, जांभूळ हे वृक्ष आपल्या परसात असले तरी मालकाच्या मर्जीनुसार तोडता येत नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ते आहेत, आणि शहरांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करणारा अधिनियम लागू असून तेथे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. जीवितास किंवा मालमत्तेस धोका हे परवानगीचे रास्त कारण या कायद्यांना मान्य आहे. पुष्कळांना हा कागदपत्रांचा व्याप जाच वाटतो. मला तो वाटत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे, आणि तेथे बजावले आहे की आंबे-फणसांना हात लावू देऊ नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे, जुलूम करू नये. राज्याला लढाऊ गलबतांची निकड असताना ज्या भूमीत परसातल्या आंब्याची एवढी बूज राखली गेली, तेथे एका अर्जाचा आणि एका पंचनाम्याचा त्रास अधिक नव्हे. तलाठी आले, पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या, छायाचित्रे काढली गेली, आणि मंजुरी मिळाली. तेवढ्या दिवसांत सुतळीची गाठ खुंटीपासून बोटभर सरकली होती. मृगाचा पाऊस केव्हाही लागला असता, आणि भिजलेली माती मुळांना कोरडीइतकी धरून ठेवीत नाही.

मुकादमाची टोळी पाच जणांची. त्यांच्याजवळ एक यांत्रिक करवत होती, जिला ते सारे 'कटर' म्हणतात. दोन कुऱ्हाडी, कोयते, पहारी, लाकडी पाचरी, दोन लोखंडी कप्प्या, आणि सुमारे दीडशे हात नायलॉनचा दोर. पूर्वी काथ्याचे चऱ्हाट वापरीत. ते पावसात जड होते व आतून कुजले तरी बाहेरून कळत नाही, म्हणून ते मुकादमाने सोडले. ही यांत्रिक करवत १९२६ साली आंद्रेआस श्टील या जर्मन यंत्रज्ञाने विजेवर चालणारी म्हणून आणली आणि १९२९ साली पेट्रोलवर. आज ती कोकणातल्या खेडोपाडी पोचली आहे. यंत्र आले, परंतु यंत्राबरोबर यावयाचे शिरस्त्राण, पायांचे संरक्षक कवच आणि कमरेचा पट्टा मात्र अजून सर्वत्र आलेले नाहीत. अमेरिकेत वृक्षांची निगा राखणाऱ्यांची व्यावसायिक संस्था १९२४ पासून आहे. आपल्याकडे हेच काम करणारा माणूस मजुरांच्या यादीत 'लाकूडतोड्या' एवढ्याच शब्दाने नोंदला जातो. त्याच्या विद्येला नाव नाही, दाखला नाही, आणि पडला तर त्याच्या कुटुंबाला बहुधा विम्याचा आधारही नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

काम पहाटे सुरू झाले. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारी मतलई मंद असते; दुपारी खारा वारा सुटला की झाडाचे शीड होते, म्हणून बारानंतर करवत चालवायची नाही हा मुकादमाचा दंडक. त्याने मावशीला चूल विझवून बाहेर येण्यास सांगितले, वायरमनकडून घराकडे येणारी तार मोकळी करून घेतली, आणि स्वयंपाकघरावरील कौलांचा एक पट्टा उतरवून वाशांवर पेंढ्याच्या गाद्या घातल्या. नंतर आंब्याच्या दुबेळक्याला दोर बांधून तो मागच्या हद्दीवरील फणसाच्या बुंध्याशी नेला, दुहेरी केला, आणि मध्ये दांडा घालून पीळ देत देत ताठ आणला. आंब्यावर मात्र त्याने कोणालाही चढू दिले नाही. ज्याची मुळे सुटली आहेत त्या झाडावर माणसाचे वजन आणि त्याची हालचाल ही शेवटची काडी ठरू शकते. शेजारी एक उंच किंजळ वादळातून अभंग राहिला होता. त्याच्या माथ्याजवळ कप्पी बांधली गेली, आणि टोळीतला सर्वांत हलका गडी किंजळावरून, कमरेला दोर बांधून, आंब्याच्या फांद्यांपर्यंत पोचला. लाल मुंग्यांची पानांची घरटी फुटून त्या त्याच्या अंगावर चढल्या, चिकाने मनगटे पोळली. तो काही बोलला नाही.

कोणती फांदी आधी, हा प्रश्न सोपा वाटतो. मी मनाशी म्हटले, घरापासून दूरच्या मोठ्या फांद्या प्रथम तोडाव्यात, त्या मोकळ्या जागेत पडतील. मुकादमाने हे ऐकले तेव्हा त्याने ओंजळीत काठी आडवी धरून दाखविली. दूरच्या फांद्या म्हणजे तराजूचे मागचे पारडे. ते हलके केले तर पुढचे पारडे घरावर बसणार. म्हणून प्रथम घरावरच्याच फांद्या, आणि त्याही टोकाकडून आत, लहान लहान तुकड्यांनी. तुकडा किती लहान, याचा हिशेब तो हाताच्या कवेने करी. ओल्या लाकडाचे वजन स्थूलमानाने पाण्याइतके धरले तर एक फूट जाडीची, तीन फूट लांबीची फांदी सत्तर किलोच्या घरात जाते. जाडी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि तेवढाच लांब ओंडका पावणेतीनशे किलोंचा होतो. तो एक हात खाली घसरून मग दोरावर थांबला तर दोराला बसणारा हिसका त्या वजनाच्या कितीतरी पट असतो. या अज्ञानातून पुष्कळ अपघात होतात: फांदी डोळ्यांना हलकी दिसते, कारण ती झाडावर असताना तिचा भार झाड वाहत असते.

मुकादमाच्या कसबाची खरी कसोटी फांदी बांधण्यात होती. बुंध्याकडील टोकाला दोर बांधला तर तुटलेल्या फांदीचा शेंडा खाली झुकतो आणि कौले झाडतो. शेंड्याकडे बांधला तर जाड टोक खाली येऊन वाशावर आदळते. म्हणून घरावरच्या प्रत्येक फांदीला दोन दोर: एक कप्पीवरून, एक मागे ओढणारा, आणि दोन्ही अशा बेताने धरलेले की फांदी पाळण्यासारखी आडवी राहून हळूहळू मागे सरकत जावी. कापण्यापूर्वी खालच्या अंगाने एक तिहाईपर्यंत खाच, मग वरून काप, म्हणजे साल सोलत खोडापर्यंत फाटत नाही. वर गडी "सुटली!" म्हणे, आणि खाली एकटा माणूस, सगळ्यांत वयस्कर, तो भार धरून ठेवी.

त्या म्हाताऱ्या गड्याच्या हातांकडे मी पुष्कळ वेळ पाहत होतो. त्याने कप्पीवरून आलेला दोर किंजळाच्या बुंध्याभोवती दोन वेढे घेऊन हातात धरला होता, आणि मनुष्याच्या वजनाहून जड असलेली फांदी तो जणू रहाट सोडावा तशी बोटांनी सोडीत होता. बंदरात तांडेल ज्या रीतीने धक्क्यावरील खुंट्याला दोराचे वेढे देऊन होडी थोपवितो तीच ही रीत. यामागील गणित अद्भुत आहे. दोर आणि लाकूड यांमधील घर्षणांक पाव धरला तर एका वेढ्याने हाताचे बळ पावणेपाच पट होते, दोन वेढ्यांनी सुमारे तेवीस पट. वेढे बेरजेने वाढतात आणि बळ गुणाकाराने. त्याला ते गणित ठाऊक नव्हते. पण शंभर किलोंच्या फांदीला दोन वेढे आणि अडीचशेंच्या ओंडक्याला तीन, हे त्याच्या तळव्यांना ठाऊक होते, आणि फार वेढे घेतले तर दोर मुळीच सरकत नाही व फांदी हवेत थांबून झाडाला हिसका देते, हेही.

पहिल्या दिवशी घरावरचे आकाश मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मागच्या फांद्या गेल्या, वरचे खोड ओंडक्या-ओंडक्यांनी उतरले, आणि अखेरीस बारा फुटांचे ठुंठ उरले. बुंध्यापासून भिंत चौदा फुटांवर होती. आता ते कलाच्या दिशेने पडले तरी घराला पोचत नव्हते, म्हणून उतरविण्याचे काम संपून आता प्रथमच पाडण्याचे काम आले. बघ्यांना वाटले, अवघड भाग सरला. मुकादमाने मात्र सर्वांना दूर घालविले, दोन गड्यांनाही. जवळ राहिला तो एकटा.

कललेल्या खोडाच्या वरच्या अंगाचे तंतू ताणलेले आणि खालचे दाबलेले असतात. अशा खोडाला नेहमीप्रमाणे पुढून खाच घेऊन मागून सरळ काप दिला, तर काप पुरा होण्यापूर्वीच ते ताणलेले लाकूड उभे चिरते. मागची अर्धी फळी तरफेसारखी वर उसळते आणि कापणाऱ्याच्या छातीवर किंवा हनुवटीवर बसते. ही गोष्ट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते, पळायला वेळ नसतो. म्हणून त्याने कापाच्या वर बुंध्याला साखळीचे दोन वेढे आवळले. तीन फूट उंचीवर घराच्या अंगाने उथळ खाच घेतली. तिच्यामागे खोडाच्या रुंदीच्या एक दशांश जाडीची लाकडाची पट्टी राखली, जिच्यावर झाड दारासारखे वळून पडते आणि जिला तो 'बिजागरी' म्हणे. आणि मागून कापण्याऐवजी करवतीची पट्टी बाजूने खोडाच्या पोटात आरपार घातली. हे करताना पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उलटून तोंडावर येते, म्हणून खालच्या भागाने सुरुवात करून मग ती फिरवावी लागते. मधले लाकूड कापले गेले, पुढे बिजागरी राहिली, मागे चार बोटांचा पट्टा राहिला. खोड स्थिर उभे होते आणि त्याचा सारा ताण त्या पट्ट्यात एकवटला होता. मुकादम एक पाऊल मागे, तिरपा सरला, परतीची वाट मोकळी आहे हे पाहिले, आणि हात लांब करून शेवटचा पट्टा तोडला. खोड एकदाच करकरले आणि भिंतीपासून दोन फुटांवर, चिखलात, आडवे झाले.

तेव्हा मागे काहीतरी घडले, जे मुकादमाखेरीज कोणालाच अपेक्षित नव्हते. वरचा भार गेल्याबरोबर उरलेला तीन फुटी बुडखा हलला. उचललेले मुळांचे तबक आपल्या वजनाने मागे बसले, आणि बुडखा धप्पदिशी पुन्हा उभा राहिला. भेगेचे दोन्ही काठ एकमेकांवर आपटले, खुंट्या आत गाडल्या गेल्या. तेवढ्याचसाठी त्याने सकाळपासून मुलांना त्या खड्ड्याकडे फिरकू दिले नव्हते. अशा पोकळीत उतरलेला माणूस बुडख्याखाली सापडल्याच्या गोष्टी त्याने पाहिल्या होत्या, ऐकलेल्या नव्हत्या.

संध्याकाळी मजुरी चुकती झाली. ओंडक्यांचा हिशेब मावशीने पंचनाम्याच्या नकलेवरच लिहून ठेवला. गडी चहा पीत असताना मुकादम ओटीवर बसून दोर तपासत होता: हातभर दोर ओढायचा, पिळाविरुद्ध किंचित उलगडायचा, आतले तंतू पाहायचे, बोटांनी चाचपायचे, आणि पुढचा हातभर. एका ठिकाणी तो थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओंडका सुटताना दोराला हिसका बसला होता. बाहेरून काहीच दिसत नव्हते. त्याने कोयत्याने तेवढा सात-आठ हातांचा तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढला, उरलेल्या टोकांना गाठी मारल्या, आणि तो तुकडा मावशीपुढे ठेवीत म्हणाला, "काकू, हा गोठ्यात दाव्याला घ्या. याच्यावर आता माणूस नाही टांगायचा."